पांढऱ्या भाताचा मोह

तांदूळ जितका पांढरा तितका तो उत्तम, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ घरांत आढळते. परंतु या शुभ्रतेकरितां आपण काय गमावतों, याचा वाचकांनीं थोडा विचार करावा, अशी आमची विनंति आहे.

भाताचें तूस काढल्यावर दाण्यावर तांबूस कोंड्याचें पातळ आवरण राहतें. गिरणींत तांदूळ फार सडला म्हणजे हें आवरण व दाण्याचा अंकुर हीं दोन्ही निघून जातात. जीवनसत्त्वें, क्षार आणि चोथा यांचा मोठा भाग त्यांतच असतो. मागें उरतें तें बहुतांशीं पीठूळ सत्त्व.

या कोंड्याचें महत्त्व कोंबड्यांमुळें उघड झालें. १८९० नंतरच्या दशकांत जावा बेटावरील बाटाव्हिया (आजचें जाकार्ता) येथें ख्रिस्तियान आइकमन हे डच डॉक्टर बेरीबेरी रोगाचें संशोधन करीत होते. त्यांच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडूं लागले. त्यांस लष्करी रुग्णालयांतील सडलेल्या तांदुळाचा भात मिळत असे. नव्या आचाऱ्यानें तो देण्याचें नाकारलें, तेव्हां त्यांस असडीक तांदूळ घालण्यांत आला, आणि त्या बऱ्या झाल्या! कोंड्यांतील तें आवश्यक द्रव्य आज थायामिन या नांवानें ओळखलें जातें. आइकमन यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला.

आज आपणांस भय आहे तें निराळ्या रोगाचें. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत देशांतील मधुमेह्यांची संख्या सुमारें १० कोटि १० लक्ष असल्याचा अंदाज दिला आहे. अनुवंश, स्थूलता व बैठें जीवन हीं त्याचीं कारणें आहेतच. तथापि पांढरा भात व मैदा लवकर पचून रक्तांतील साखर झपाट्यानें वाढवितात, हेंही विसरतां येत नाहीं.

उपाय खर्चाचा नाहीं. हातसडीचा तांदूळ वापरावा, तो फार चोळून धुऊं नये, कणकेंतील कोंडा चाळून टाकूं नये. भातासवें वरण व पालेभाजी भरपूर असावी. कोंकणांतील आपल्या आजीआजोबांची नाचणी पुन्हां ताटांत यावी. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तर तितक्याच पांढऱ्या तांदुळांत फार तर १०. मुलांनीं रोज एक तास मैदानावर घालवावा, हेंही तितकेंच अगत्याचें.

नाचणीची भाकरी डब्यांतून काढावयास कित्येक विद्यार्थ्यांस लाज वाटते आणि बिस्किटांचा पुडा मात्र ते सर्वांसमोर उघडतात. ही लाज प्रथम घरांतून गेली पाहिजे. आईबाप जें आनंदानें खातात, तेंच मुलें कालांतरानें आवडीनें खाऊं लागतात. म्हणून पालकांनीं आरंभ आपल्याच ताटापासून करावा.