हार्वे यांना न दिसलेला दुवा

हृदयापासून रक्त दूर नेणाऱ्या त्या धमन्या, हृदयाकडे परत आणणाऱ्या त्या शिरा. रक्त असं गोल फिरतं, हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडलं. पण धमनीतलं रक्त शिरेत पोहोचतं कसं, हे त्यांना कधीच दिसलं नाही. १६६१ मध्ये मार्सेलो माल्पिगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्या पाहिल्या. तेव्हा हार्वे यांना जाऊन चार वर्षं झाली होती. या गोष्टीची हुरहूर वाटते.

केशवाहिनीची भिंत जेमतेम एका पेशीच्या जाडीची. तांबड्या पेशी तिथून एकामागून एक, अंग चोरून जातात. प्राणवायू आणि पोषक द्रव्यं शरीराला मिळतात ती मुख्यतः इथंच. धमनीची भिंत मात्र जाड, लवचीक. ठोक्यागणिक ती फुगते, तीच मनगटावर लागणारी नाडी.

शिरांत दाब कमी असतो. म्हणून पायांच्या शिरांत झडपा असतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरा दाबतात, रक्त वर चढतं आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. तासन् तास उभं राहून किंवा बसून काम करत असाल, तर अधूनमधून चार पावलं चालून या.