चिखलाला श्रेय किती?

गोड्या पाण्याच्या टाकीत गप्पी किंवा गोल्डफिश पाळणे फारसे अवघड नाही. समुद्रातील मासे आणि प्रवाळ यांची खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणे हे काम मात्र निराळेच. तेथे पाणी थोडेसे बिघडले तरी जीव दगावतात. शिवाय अशा टाक्यांसाठी विकले जाणारे बहुतेक सागरी मासे समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. टाकीतील एक मासा मेला, की त्याच्या जागी दुसरा समुद्रातून आणला जातो. तेव्हा टाकीचे पाणी चांगले राखण्याचा प्रश्न केवळ हौशी माणसाच्या खिशाचा नाही.

या प्रश्नावर एक चमत्कारिक वाटणारा उपाय सुचवला गेला. मोठ्या टाकीला एक लहान टाकी जोडावी आणि तिच्या तळाशी चक्क चिखल पसरावा! १९९० च्या दशकात अमेरिकेत लेंग साय यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. त्यासाठी बाजारात आलेल्या चिखलाचे नावच ‘मिरॅकल मड’, म्हणजे चमत्कारी चिखल. पाणी साफ ठेवायला चिखल? हा खरोखरच चमत्कार आहे काय, ते आपण तपासून पाहू.

पाणी बिघडते कसे?

मासा खातो आणि त्याच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. उरलेले अन्न कुजते, त्यातूनही अमोनिया तयार होतो. हा वायू माशांना विषारी आहे. सुदैवाने वाळूच्या कणांवर आणि दगडांवर राहणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवतात, तर दुसरे काही जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. पण ते साठत जाते. त्याच्या जोडीला अन्नातील फॉस्फेटही साठते. मग काचेवर आणि खडकांवर नको ते शेवाळ माजते आणि प्रवाळांची वाढ खुंटते.

समुद्राचे पाणी अफाट असते, तेथे ही घाण विरून जाते. टाकीतली घाण जाणार कोठे? एक तर पाणी बदलत राहावे लागते, नाही तर नायट्रेट आणि फॉस्फेट यांना बाहेरची वाट काढून द्यावी लागते.

आश्रयटाकी

ही वाट काढण्यासाठी जी लहान टाकी जोडतात तिला ‘रेफ्युजियम’ म्हणतात. रेफ्युजियम म्हणजे आश्रयाची जागा. मोठ्या टाकीतील पाणी पंपाने या टाकीतून सावकाश फिरवले जाते. येथे मासे नसतात. त्यामुळे कोपेपोडसारखे बारीक कवचधारी जीव आणि किडे निर्धास्त वाढतात, आणि त्यांतले काही पाण्याबरोबर वाहत जाऊन मोठ्या टाकीतील माशांचे ताजे खाद्य बनतात.

याच टाकीत दिव्याखाली शैवले वाढवतात. शैवल पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून वाढते. वाढलेले शैवल मूठमूठ उपटून टाकले, की त्याने शोषलेली घाणही टाकीबाहेर गेली! शिवाय मोठ्या टाकीचा दिवा मालवल्यावर रात्री येथला दिवा लावतात. त्यामुळे येथील शैवल रात्रीही प्रकाशसंश्लेषण करून कार्बन डायऑक्साइड वापरते आणि पाण्याची आम्लता फारशी वाढत नाही.

एवढे सगळे फायदे झाले. पण तुमच्या लक्षात आले का, की यात चिखलाचे नाव अजून कोठेच आले नाही?

चिखलाच्या आत

आता चिखलाकडे वळू. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे १ मिलिमीटर बाजूचे तुकडे केले, तर १,००० तुकडे होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ होते ६० चौरस सेंटिमीटर. तुकडे आणखी शंभरपट बारीक केले, तर ते ६,००० चौरस सेंटिमीटर होते! म्हणजे चिखलाच्या मूठभर कणांवर जिवाणूंना राहायला केवढी जागा मिळेल, असे आपल्याला वाटते.

पण येथे एक मेख आहे. कण इतके बारीक आणि दाटीने बसलेले असतात की त्यांच्यामधून पाणी वाहू शकत नाही. पाण्यात विरघळलेले पदार्थ केवळ विसरणाने, म्हणजे रेणूंच्या स्वैर हालचालीमुळे, आत शिरतात. विसरणाचा नियम कडक आहे: अंतर दहापट झाले तर वेळ शंभरपट लागतो. १ मिलिमीटर आत जायला काही मिनिटे लागली, तर १ सेंटिमीटरला कित्येक तास आणि ५ सेंटिमीटरला आठवड्याहून अधिक काळ लागेल.

म्हणून चिखलात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोचतो. वाटेतले जिवाणूच तो संपवून टाकतात. त्याखालचे जिवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजन काढून घेतात आणि नायट्रोजन वायू मोकळा करतात. या क्रियेला विनायट्रीकरण म्हणतात. हा वायू हवेत निघून जातो. ही क्रिया टाकीच्या निश्चितच फायद्याची आहे.

त्याही खाली नायट्रेट उरत नाही. तेथले जिवाणू समुद्राच्या पाण्यात विपुल असलेल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तुमच्यापैकी कोकणात राहणाऱ्यांनी ओहोटीच्या वेळी खाडीच्या काळ्या चिखलात पाय घातला असेल. तेव्हा येणारा सडक्या अंड्यासारखा वास याच वायूचा, आणि तो काळा रंग बहुतांशी लोहाच्या सल्फाइडचा. खाडीत भरती-ओहोटीचे पाणी हा वायू वाहून नेते. लहानशा टाकीत जुना चिखल एकदम ढवळला गेला, तर तोच वायू माशांच्या जिवावर बेतू शकतो.

चिखलातून पाण्याला लोहासारखी खनिजे मिळतात, असाही दावा केला जातो. चिखलात लोह असते हे खरे. प्राणवायू नसलेल्या थरात ते विरघळतेही. पण वर येऊन प्राणवायूला भेटताच त्याचे गंजासारखे संयुग बनते आणि ते पुन्हा खाली बसते. हे संयुग फॉस्फेट पकडून ठेवते. मात्र तेथला प्राणवायू संपला की पकडलेले फॉस्फेट पुन्हा सुटते. म्हणजे आज मदत करणारा चिखल उद्या उलटूही शकतो.

श्रेय कोणाचे?

एखाद्याने आश्रयटाकी बसवली, तीत चिखल घातला, शैवल लावले, रात्रीचा दिवा सोडला आणि महिन्याभरात पाणी सुधारले. तो म्हणेल, “पाहा, चिखलाचा गुण!” पण त्याने एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या. मग श्रेय चिखलाचेच कशावरून?

अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर ॲडी यांनी १९८० च्या सुमारास प्रवाळांची टाकी प्रामुख्याने शैवलाच्या जोरावर चालवून दाखवली. ते शैवल जाळीवर वाढवलेले होते. त्याला चिखलाची गरज पडली नाही. खऱ्या मुळांच्या सागरी गवताला तळातील गाळ हवा असतो. कॉलेर्पा नावाचे शैवल मुळांसारख्या तंतूंनी गाळातून थोडेफार अन्न घेते. पण किटोमॉर्फा हे तारेच्या गुंत्यासारखे दिसणारे शैवल पाण्यात नुसते तरंगत ठेवले तरी वाढते. विनायट्रीकरणही बारीक वाळूच्या जाड थरात किंवा सच्छिद्र दगडांच्या पोटात होतेच.

तेव्हा उत्तर असे: आश्रयटाकी उपयोगी आहे. तिचे बरेचसे श्रेय शैवलाला आणि ते नियमित उपटणाऱ्या हातांना जाते. गाळात राहणारे किडे किंवा सागरी गवत पाळायचे असेल, तर चिखलाचा पातळ थर कामाचा आहे. पण तो चमत्कार नव्हे.

तुम्ही करून पाहा

श्रेय नेमके ठरवायचे असेल तर सर्व बाबतींत सारख्या टाक्या घेऊन फक्त एकच गोष्ट बदलावी लागते. हीच रीत तुम्हाला शाळेत दोन उभट बरण्यांवर आजमावता येईल. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की (१८५६–१९५३) यांनी अशाच चिखलाच्या नळकांड्यात जिवाणूंचे थर वाढवले होते.

दोन्ही बरण्यांत खाडीचा किंवा तळ्याचा सारखाच चिखल निम्म्यापर्यंत भरा. त्यात चिमूटभर प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळा आणि वर चार बोटे पाणी ठेवा. एका बरणीच्या चिखलात कागदाचे कपटे आणि थोडा अंड्याचा बलक कालवा. दुसरीत कालवू नका. झाकणे सैल ठेवून दोन्ही बरण्या हवेशीर खिडकीत ठेवा. बरण्या हुंगू नका आणि हात साबणाने धुवा.

दर आठवड्याला काळ्या थराची उंची मोजून वहीत लिहा. काळेपणा कोणत्या बरणीत आधी आला आणि कोठून पसरला? घाण साठलेला चिखल टाकीत काय करील, याचा अंदाज तुम्हाला त्या आकड्यांवरून बांधता येईल.