गणिताची प्रश्नपत्रिका संगणकावर : कोणते साधन घ्यावे?

मंडळाच्या दहावीच्या सराववर्गासाठी प्रश्नपत्रिका करणारे सभासद नेहमी विचारतात, गणिताची सूत्रे संगणकावर नीट कशी उतरवायची? आम्ही कसोटीसाठी चक्रवाढ व्याजाचे सूत्र घेतले (बँकेतली सवय, दुसरे काय!). त्यात कंस आहे, कंसात अपूर्णांक आहे आणि कंसावर घातांक. एवढे जमले की दहावीचे बरेचसे जमते.

वर्ड बहुतेकांकडे असतेच. ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह एकत्र दाबले की सूत्राची चौकट उघडते. तिरकी रेघ देऊन भागाकार लिहिला आणि स्पेस दाबली की अपूर्णांक आपोआप उभा मांडला जातो. अडचण मराठीची. चौकटीतल्या केंब्रिया मॅथ फाँटमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. म्हणून मुद्दल, मुदत हे शब्द चौकटीबाहेर लिहून आत इंग्रजी अक्षरेच वापरावीत.

खरी काळजी जुन्या फायलींची आहे. वर्डमधील इक्वेशन एडिटर 3.0 हे जुने साधन सुरक्षेच्या कारणावरून जानेवारी 2018 मध्ये काढून टाकण्यात आले. त्यात केलेली सूत्रे दिसतात, छापताही येतात, पण दुरुस्तीसाठी त्या साधनात उघडत नाहीत. वर्डच्या नव्या आवृत्तीत ती बदलून घेण्याची सोय आहे. मॅथटाइपमध्येही ती उघडतात, पण त्याला पैसे पडतात. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत त्यांनी हे काम या सुट्टीतच उरकावे.

लिब्रे ऑफिस फुकट आहे. त्यात अपूर्णांकासाठी 'ओव्हर' असा शब्दच टाइप करायचा. सवय लवकर होते.

राहिले लाटेक. (लिहिताना शेवटी एक्स, उच्चार मात्र क.) डोनाल्ड क्नुथ यांना 1977 मध्ये स्वतःच्या पुस्तकाची मुद्रिते इतकी खटकली की त्यांनी अक्षरजुळणीसाठी टेक ही प्रणालीच तयार केली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पुढे तिच्यावर लाटेक उभारले. सूत्रांची मांडणी यात सर्वांत देखणी होते. शिवाय फाइल साध्या मजकुराची, त्यामुळे कोणत्याही संगणकावर वाचता येते. मराठीसाठी झीलाटेक आणि युनिकोड फाँट लागतो. पण शिकायला वेळ द्यावा लागतो. वीस गुणांच्या चाचणीसाठी हा खटाटोप आम्हाला पटत नाही. पुस्तक किंवा प्रबंध लिहिणाऱ्याने मात्र दुसरीकडे पाहू नये.