कुलाब्याचे अफगाण चर्च

मशिदीची टोकदार कमान तुम्ही पाहिली असेल. तशाच कमानी मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही आहेत. या बांधणीला गॉथिक शैली म्हणतात. टोकदार कमान छताचा बराचसा भार सरळ खाली खांबांवर उतरवते. त्यामुळे इमारत उंच बांधता येते व भिंतीत मोठ्या खिडक्या ठेवता येतात. या चर्चच्या खिडक्यांना रंगीत काचा आहेत.

१८३८ ते १८४३ या काळात अफगाणिस्तान व सिंध येथील मोहिमांत इंग्रजांच्या फौजेतील हजारो माणसे मेली. त्यांच्या स्मरणार्थ बांधलेले हे चर्च १८५८ साली प्रार्थनेसाठी खुले झाले. सुमारे ६० मीटर उंचीचा मनोरा १८६५ साली पूर्ण झाला. तो दुरून जहाजांनाही दिसत असे.

आत भिंतींवर मृत अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या शिपायांची मात्र नाहीत. त्यांची संख्या फार मोठी, म्हणून नावे लिहिता आली नाहीत, असे तेथील लेखात म्हटले आहे. त्या फौजेत हिंदी शिपाईच अधिक होते, हे ध्यानात घ्या.

तेलगावहून कधी मुंबईला गेलात, तर हे चर्च जरूर पाहा. लिहिलेली नावे वाचा आणि ज्यांची नावे लिहिली गेली नाहीत, त्यांचीही आठवण ठेवा.