आधी काय कुटावे?

परंडा तालुक्यातील सोनारी येथे चैत्रात काळभैरवनाथाची यात्रा भरते. त्याच सुमारास ३१ मार्चचा हिशेब, साठ्याची मोजदाद आणि उन्हाळ्याचे रुग्ण ही सारी कामे एकट्याने औषधालय चालविणाऱ्या वैद्यावर एकदम येऊन पडतात. समोर येईल ते करीत राहिल्यास दिवस संपतो, काम संपत नाही.

कामांचा क्रम लावण्यास आम्हांस आधुनिक व्यवस्थापनशास्त्रापेक्षा शार्ङ्गधर अधिक उपयोगी वाटतो. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, गुटी व अवलेह वर्षभर टिकतात, आसवे व रसौषधी मात्र जुनी होतील तशी गुणवान ठरतात, असे त्यांचे मत आहे. कायद्याने दिलेली मुदत निराळी असली, तरी नियोजनास हा दंडक उत्तम. अरिष्टाच्या संधानास सुमारे महिना लागतो, थंडीत अधिकच. म्हणून ते माघातच घालावे. वट्या फाल्गुनात वळाव्यात. चूर्णे यात्रेच्या आठवडाभर आधी, खपतील तेवढीच कुटावीत. पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे घडते. सवड मिळताच चूर्णाचे डबे भरले जातात आणि अरिष्टाची शेवटची बाटली विकल्यावर मनुकांची शोधाशोध सुरू होते!

रुग्णांतही आत्ययिक कोण, हे आधी पाहावे. जुलाबाने कोमेजलेले मूल पथ्य विचारण्यास आलेल्यामागे रांगेत बसता कामा नये. कंपन्यांच्या प्रतिनिधींस दुपारची वेळ द्यावी. ते रागावत नाहीत.

मोजदाद फाल्गुनापासून रोज एक फडताळ याप्रमाणे करावी. ३१ मार्चला मग शेवटचे फडताळ तेवढे उरते.