परदेशातील मृत्यू आणि अंत्यसंस्कार: काही समजुती आणि वस्तुस्थिती

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत मृत्यूनंतरच्या व्यवस्थेचा विचार झालाच, तर तो बहुधा पार्थिव भारतात न्यायचे की नाही या एकाच प्रश्नाभोवती फिरतो. वस्तुतः त्याआधी दोन प्रश्न सुटलेले असावे लागतात: देहाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार त्या देशाच्या कायद्याने कोणाकडे जातो आणि त्या देशात कोणता अंत्यविधी करता येतो. या दोन प्रश्नांची उत्तरे वेळीच शोधलेली नसतात, म्हणूनच धर्माच्या, दूतावासाच्या आणि विमा कंपनीच्या नावावर खपणाऱ्या अनेक समजुती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात आणि नेमक्या कठीण प्रसंगी कुटुंबाला भरीस घालतात.

त्यांतली सर्वांत खोल रुजलेली समजूत अशी की, हिंदू व्यक्तीचा देह मायदेशी आणून येथेच अग्नी दिला नाही तर क्रियाकर्म अपुरे राहते. धर्मशास्त्राचा आधार या समजुतीला मिळत नाही, उलट दूरदेशी होणारे मरण शास्त्रकारांनी गृहीतच धरलेले दिसते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात विदेशस्थ आप्ताच्या मृत्यूची वार्ता दहा दिवसांच्या आत कळल्यास उरलेल्या दिवसांचे अशौच, म्हणजे सुतक, पाळावे, दहा दिवस उलटल्यावर कळल्यास तीन रात्रींचे पाळावे आणि वर्ष लोटल्यावर कळल्यास केवळ स्नानाने शुद्धी मानावी, असा क्रम सांगितला आहे. देह हाती लागलाच नाही तर पळसाच्या पानांची प्रतिकृती रचून तिचे दहन करण्याचा विधीही धर्मग्रंथांत आहे, आणि भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात अंत्येष्टी, अशौच व श्राद्ध यांची चर्चा करताना त्याची दखल घेतली आहे. ज्या परंपरेने देहाशिवायही अंत्येष्टीची सोय केली, ती देह विमानाने आणण्याची सक्ती करील हे संभवत नाही. सक्ती असते ती भावनेची आणि पुष्कळदा नातेवाइकांच्या बोलण्याची.

इतिहासही याला दुजोरा देतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे ऐन विशीत निवर्तले, तेव्हा शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिल्यावर आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना तेथेच अग्नी देण्यात आला. त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभारली गेली आणि तिच्याजवळचा आधुनिक पूलही 'इंदियानो' याच नावाने ओळखला जातो. राजघराण्याला जे चालले ते सामान्य कुटुंबाला का चालू नये, हा प्रश्न अप्रस्तुत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या बाबतीत तर प्रवास उलट दिशेने झाला: १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाल्यावर त्यांची रक्षा अमेरिकेतील थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवली. इतर धर्मीयांनीही परिस्थितीप्रमाणे मार्ग काढलेले आहेत. १९०४ मध्ये जर्मनीत निधन पावलेल्या जमशेदजी टाटांचे दफन इंग्लंडमधील ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमीत झाले, कारण दख्म्याची, म्हणजे देह पक्ष्यांच्या स्वाधीन करण्याच्या वास्तूची, सोय तेथे नव्हती. तर दफन शक्य तितक्या लवकर व्हावे असा दंडक असल्यामुळे अनेक मुस्लिम कुटुंबे मृत्यू झाला त्याच गावी दफन करणे श्रेयस्कर मानतात.

दुसरी समजूत कायद्याविषयीची असून व्यवहारात ती अधिक घातक ठरते. मृत्युपत्रात 'माझे दहन व्हावे' किंवा 'माझा देह गावी न्यावा' असे लिहून ठेवले की ते सर्वांवर बंधनकारक होते, असे बहुतेकांना वाटते. इंग्लंडच्या कायद्यात मृतदेह ही कोणाची मालमत्ता नाही, म्हणून मृत्युपत्राने तो कोणाला देता येत नाही आणि त्याविषयीची इच्छा न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाही. देहाचा ताबा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचे कर्तव्य जाते ते एक्झिक्युटरकडे, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीकडे. हे तत्त्व १८८२ च्या विल्यम्स विरुद्ध विल्यम्स या खटल्यात ठरले. एका गृहस्थाने आपले दहन व्हावे असे लिहून ते काम एका मैत्रिणीवर सोपवले होते. घरच्यांनी मात्र त्याचे दफन केले, तेव्हा त्या बाईंनी वेगळेच कारण सांगून देह उकरण्याची परवानगी मिळवली, तो इटलीत नेऊन दहन केले आणि त्याचा खर्च मागितला. न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली.

याचा मराठी कुटुंबाच्या दृष्टीने अर्थ असा की, इंग्लंडमध्ये राहणाऱ्याने काय हवे हे लिहिण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, एक्झिक्युटर म्हणून कोणाला नेमायचे याचा विचार केला पाहिजे. मृत्युपत्र नसेल तर हा अधिकार पती किंवा पत्नीकडे आणि त्यानंतर मुलांकडे जातो; पुण्यात किंवा साताऱ्यात असलेल्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो, मग घरात थोरल्यांचा शब्द कितीही चालत असो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा असला तरी अनेक राज्यांत स्वतंत्र दस्तऐवजाने या कामासाठी प्रतिनिधी नेमता येतो आणि त्याचा अधिकार नातेवाइकांच्या आधी येतो. व्यवहारातली आणखी एक अडचण अशी की, मृत्युपत्र पुष्कळदा अंत्यसंस्कार उरकल्यावर उघडले जाते, म्हणून ही इच्छा वेगळ्या कागदावर लिहून तो घरच्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावा हे उत्तम.

'दहन काय, कुठेही करता येते' ही समजूत ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्यांची, तर 'आखातात दहन अशक्यच' ही समजूत इथल्या नातेवाइकांची. दोन्ही अर्ध्यामुर्ध्या खऱ्या आहेत. सौदी अरेबियात दहनाला परवानगी नाही, त्यामुळे तेथे हिंदू कामगाराचा मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी पाठवणे हाच रुळलेला मार्ग असतो. मात्र संयुक्त अरब अमिरातींमधील दुबईत हिंदूंसाठी दहनभूमी आहे. युरोपातही चित्र एकसारखे नाही. ग्रीसमध्ये पहिली दाहिनी २०१९ मध्ये सुरू झाली, तोवर तेथील कुटुंबांना दहनासाठी देह शेजारच्या बल्गेरियात न्यावा लागत असे. जर्मनीत दहन सहज होते, पण बहुतेक राज्यांत रक्षा घरी ठेवण्यास किंवा मनाला येईल तेथे विसर्जित करण्यास मनाई असून कलश दफनभूमीतच ठेवावा लागतो, आणि दफनाची जागाही कायमची न मिळता ठरावीक वर्षांच्या कराराने मिळते. सिंगापूरमध्ये कबरीची मुदत १५ वर्षांची आहे. 'आपल्या माणसाची जागा कायम राहील' या भरवशावर दफनाचा निर्णय घेणाऱ्यांनी ही मुदत आधी विचारून घ्यावी.

ब्रिटनविषयी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी चुकीचे बोलले जाते. न्यूकॅसलचे दविंदर घई यांनी उघड्यावरच्या चितेची परवानगी मागितली, उच्च न्यायालयात ते हरले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये अपील न्यायालयात जिंकले. परंतु या निकालाने कोणत्याही माळावर चिता रचण्याची मुभा मिळालेली नाही. १९०२ च्या दहन कायद्यानुसार दहन एखाद्या इमारतीतच व्हावे लागते, आणि भिंती असलेली पण छताला मोकळीक असलेली रचनाही इमारत ठरू शकते, एवढेच न्यायालयाने मान्य केले. बांधकामाची परवानगी आणि प्रदूषणाचे नियम यांचा प्रश्न त्यातून सुटला नाही. प्रत्यक्षात तेथील बहुसंख्य हिंदू कुटुंबे वायूवर चालणाऱ्या दाहिनीचा स्वीकार करतात, शवपेटी आत जाताना मुलगा किंवा मुलगी उपस्थित राहते आणि बटण दाबण्याला अग्नी देण्याचा मान दिला जातो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील क्रेस्टोन येथे उघड्या चितेची सोय आहे, पण ती अपवादात्मक आहे.

पार्थिव आणायचेच ठरले, तर 'दूतावास सगळे करतो' या समजुतीने वेळ जातो. भारतीय दूतावास मृत्यूची नोंद करतो, पासपोर्ट रद्द करतो आणि ना-हरकत दाखला देतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला, अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू असल्यास पोलीस अहवाल, निकटच्या नातेवाइकाचे संमतिपत्र, पासपोर्टची प्रत आणि शवलेपनाचे प्रमाणपत्र असे कागद लागतात. खर्च मात्र सर्वसाधारणपणे कुटुंबाचा, मालकाचा किंवा विमा कंपनीचा असतो. भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मिळते, पण ती परिस्थिती पाहून, गरजू व्यक्तींसाठी. सौदी अरेबियाच्या श्रम कायद्यातील ४० व्या कलमाने कामगाराचा देह मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकावर टाकला आहे. ही तरतूद माहीत नसल्यामुळे गावाकडची कुटुंबे कर्ज काढायला निघतात, हे अधिक खेदाचे आहे. मृत व्यक्तीने परदेशी नागरिकत्व घेतलेले असले तरी पार्थिव आणता येते, फक्त पासपोर्टचे काम त्या व्यक्तीच्या नव्या देशाकडे जाते.

शवलेपन, ज्याला सर्रास एम्बामिंग म्हणतात, म्हणजे रक्ताच्या जागी फॉर्मालिनयुक्त द्रव भरून देह कुजण्यापासून काही काळ थोपवणे. हा विधी प्रत्येक अंत्यसंस्काराला सक्तीचा असतो असे अमेरिकेत अनेकांना वाटते किंवा वाटू दिले जाते, परंतु तेथील केंद्रीय व्यापार आयोगाच्या १९८४ पासून लागू असलेल्या नियमाने शवलेपन कायद्याने आवश्यक नसताना तसे सांगण्यास व्यावसायिकांना मनाई केली आहे आणि सेवांचे लेखी दरपत्रक देणे बंधनकारक केले आहे. विमानाने देह नेताना मात्र शवलेपन आणि जस्ताचे अस्तर असलेली हवाबंद पेटी लागते. विमानतळावर हे पार्थिव प्रवाशांच्या दारातून न येता मालवाहू विभागातून येते, तेथे विमानतळ आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते, आणि पेटीचा जस्ताचा पत्रा कापल्याशिवाय दहन करता येत नसल्यामुळे स्मशानात त्याची तयारी आधी ठेवावी लागते. पीतज्वर, प्लेग किंवा अँथ्रॅक्स अशा रोगांनी मृत्यू झाला असेल, तर १९५४ च्या विमान सार्वजनिक आरोग्य नियमांनुसार देह भारतात आणता येत नाही. इंग्लंड-वेल्समधून देह बाहेर नेण्यासाठी कोरोनर या मृत्युचौकशी अधिकाऱ्याला आधी कळवावे लागते आणि त्याने लवकर मोकळीक दिली नाही तर मधले चार दिवस थांबावे लागते. शवविच्छेदन करण्याचे त्याने ठरवले तर कुटुंबाला नकार देता येत नाही.

रक्षेचे तसे नाही. तिचे वजन साधारण दोन ते तीन किलो भरते, दाहिनीचा दाखला व मृत्यूचा दाखला जवळ असला की ती हातातल्या सामानातून नेता येते, आणि कलश क्ष-किरणांना पारदर्शक असावा एवढी काळजी घ्यावी लागते, कारण अमेरिकेतील विमानतळ सुरक्षा कर्मचारी तो उघडून पाहत नाहीत आणि धातूचा जाड कलश अडवला जातो. परदेशातील दाहिनीत दहनानंतर हाडांची बारीक पूड केली जाते, त्यामुळे गोदाकाठी अस्थिविसर्जनाला बसलेल्या कुटुंबाला ओळखीच्या अस्थींऐवजी राखाडी भुकटी दिसते. अस्थी तशाच हव्या असतील तर ते दाहिनीच्या व्यवस्थापनाला आधीच विचारावे. घाईचे तर मुळीच कारण नसते. १९३० मध्ये जिनिव्हात निवर्तलेले श्यामजी कृष्ण वर्मा यांनी आपल्या आणि पत्नी भानुमती यांच्या अस्थी जपून ठेवण्याची व्यवस्था हयातीतच पैसे भरून करून ठेवली होती आणि त्या भारतात आल्या २००३ मध्ये. ज्यांना परदेशातच विसर्जन करायचे आहे, त्यांनी तेथील नियम पाहावेत: अमेरिकेत समुद्रातील विसर्जन किनाऱ्यापासून किमान तीन सागरी मैलांवर करून पर्यावरण संरक्षण संस्थेला ३० दिवसांत कळवावे लागते.

नोंदणीबाबतचा गैरसमज सर्वांत शेवटी ध्यानात येतो. पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीत दहन झाले म्हणून पुणे महानगरपालिका मृत्यूचा दाखला देईल, अशी अपेक्षा धरली जाते. परंतु मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथेच होते आणि परदेशात मृत्यू पावलेल्या भारतीय नागरिकाची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २० व्या कलमान्वये दूतावासामार्फत होते. बँक, विमा आणि सातबारावरील वारसनोंद या सर्व कामांना परदेशी दाखलाच मूळ पुरावा ठरतो. अमेरिका किंवा ब्रिटनसारख्या अपोस्टिल करारातील देशांत त्यावर तेथेच अपोस्टिल, म्हणजे करारातील इतर देशांत मान्य होणारा प्रमाणशिक्का, घेता येतो. संयुक्त अरब अमिराती या करारात नसल्याने तेथे परराष्ट्र खात्याकडून आणि मग भारतीय दूतावासाकडून, अशा क्रमाने साक्षांकन करून घ्यावे लागते. दाखल्याच्या जादा मूळ प्रती नोंदणीच्या वेळीच मागून घेतल्या, तर प्रत्येक कार्यालयाला एक देता येते आणि त्यांच्यासाठी नंतर परदेशी कचेरीशी पत्रव्यवहार करावा लागत नाही.