केळे घराचे, पेला ज्याचा त्याचा

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सकाळी लवकर गेले की केळ्यांच्या गाळ्यांपाशी पाय ठेवायला जागा नसते. इंदापूर, करमाळ्याकडचा माल उतरत असतो. जळगावच्या केळ्याचा तर लौकिकच मोठा, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. बाराही महिने मिळणारे, सोलून लगेच खाता येणारे आणि गरिबाला परवडणारे दुसरे फळ सांगणे कठीण. म्हणूनच ते कोणाला, किती आणि कसे द्यावे याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

यार्डात मालाची ने-आण करणाऱ्या एका कुटुंबाची हकीकत सांगतो. घरात पती-पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले, मधुमेह असलेली आजी आणि आजोबा. गृहस्थ कामावरून येताना जास्त पिकलेली केळी स्वस्तात आणीत. त्यांची पत्नी रोज सकाळी सात-आठ केळी, लिटरभर दूध आणि वाटीभर साखर मिक्सरमधून काढी व सर्वांना एकेक मोठा पेला देई. एके दिवशी ती सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात आली. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, एवढं पौष्टिक देते, तरी आमच्या मामांच्या अंगात त्राण नाही. पायही सुजलेत."

जुने कागद पाहिले तेव्हा कळले, की आजोबांचे मूत्रपिंड दोन वर्षांपासून अधू आहे. रक्त तपासले, तर पोटॅशियम धोक्याच्या पातळीकडे झुकलेले. मी त्यांना त्याच दिवशी मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांकडे पाठविले. उपचार वेळेवर मिळाले म्हणून निभावले.

आजार केळ्याने झाला नव्हता, हे आधी स्पष्ट करतो. सोललेल्या १०० ग्रॅम केळ्यात, म्हणजे साधारण एका मध्यम केळ्यात, सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी माणसाला ते हितकारकच आहे, कारण जादा पोटॅशियम मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकते. मूत्रपिंड थकले की ते रक्तात साचते, स्नायू अशक्त होतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दुधातही पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी, तसेच रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असणाऱ्यांनी, रोज केळे खावे की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

साखर कशाला?

पिकलेल्या १०० ग्रॅम केळ्यात सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर निसर्गानेच घातलेली असते. वरून आणखी घातली की पेय गोडमिट्ट होते व मुलांना तीच चव लागते. वरून घातलेली साखर मोठ्या माणसाने दिवसाला सहा लहान चमच्यांच्या आत ठेवणे उत्तम, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मुलांना तर त्याहूनही कमी हवी. सालीवर काळे ठिपके आलेले केळे घेतले तर शिकरणाला साखर लागतच नाही. चिमूटभर वेलची पूड पुरते.

केळ्यात सर्व काही असते, हाही गैरसमज आहे. १०० ग्रॅम केळ्यात प्रथिने जेमतेम १ ग्रॅम आणि लोह नाममात्र असते. कापलेले केळे काळे पडते म्हणून त्यात लोह भरपूर, असे पुष्कळ जण सांगतात. तो रंग फळातील विकरांमुळे हवेशी होणाऱ्या क्रियेचा आहे. म्हणून केळ्याला दूध, दही, शेंगदाणे, नाचणी यांची जोड द्यावी.

घरी करून पाहा

१. मुलांच्या न्याहारीसाठी एक केळे, एक पेला दूध, दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट आणि मूठभर राजगिऱ्याच्या लाह्या. केळे कुस्करून घेतले तर मिक्सरही लागत नाही.

२. केळ्याचे धिरडे: एक जास्त पिकलेले केळे कुस्करून त्यात अर्धी वाटी कणीक, दोन चमचे नाचणीचे पीठ, चिमूटभर मीठ आणि लागेल तसे दूध घालून सरसरीत भिजवावे. तव्यावर थेंबभर तूप सोडून मंद आचेवर घालावे. शाळेच्या डब्यात मऊ राहते.

३. केळ्याची कोशिंबीर: दही, जिरेपूड, मीठ, कोथिंबीर व केळ्याच्या फोडी. आयत्या वेळी करावी.

४. कच्च्या केळ्याचे काप: तिखट, मीठ, हळद लावून रव्यात घोळवावेत व तव्यावर थोड्या तेलात परतावेत. तळलेल्या वेफर्सपेक्षा हे केव्हाही बरे.

मधुमेह असलेल्यांनी केळे अजिबात वर्ज्य समजू नये. फार पिकलेले टाळावे, अर्धे खावे, चावून खावे व सोबत चार-पाच बदाम किंवा शेंगदाणे घ्यावेत. मिक्सरमधून काढलेले मोठे पेले मात्र नकोत. एका पेल्यात दोन केळी कधी गेली ते कळतही नाही. रक्तातील साखर तपासून आपले प्रमाण ठरवावे.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला कुस्करलेले केळे देता येते. वर्षाच्या आत त्यात मध मात्र कधीही घालू नये. केळ्याने सर्दी होते असे म्हणतात, पण सर्दी विषाणूंमुळे होते. ज्याला खरोखर त्रास होतो त्याने खाऊ नये, इतरांनी थंडीतही खावे.

खरेदी करताना

कार्बाइडने फळे पिकविण्यास आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. पिकवणी खोल्यांत ठरावीक प्रमाणात इथिलीन वायू वापरण्यास परवानगी आहे, आणि तो वायू फळ स्वतःही तयार करते. नुसत्या रंगावरून केळे कशाने पिकविले हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून ओळखीच्या विक्रेत्याकडून घ्यावे, सोलण्यापूर्वी धुवावे आणि शक्यतो किंचित हिरवट फणी आणून घरीच पिकू द्यावी. जास्त पिकलेली केळी टाकू नयेत. सोलून, तुकडे करून डब्यात भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर पंधरवडाभर उपयोगी पडतात.

त्या घरी आता सकाळी एकच मोठे भांडे होत नाही. मुलांना बिनसाखरेचे शिकरण, आजीला अर्धे केळे व शेंगदाणे, आणि आजोबांना तज्ज्ञांनी आखून दिलेला आहार. परवा ती बाई भेटली, तेव्हा म्हणाली, "काम थोडं वाढलं, पण साखर निम्मी झाली, आणि मामा स्वतःच्या पायांनी देवळात जातात." वाचकहो, आज आपल्या घरातील औषधांच्या पिशवीतले कागद एकदा चाळून पाहा आणि मगच पेले भरा.